बोट कुठे थांबतं? शहराच्या चित्रांचा ग्राहक ओळखताना

काळा घोड्याला, जहांगीर आर्ट गॅलरीच्या बाहेरच्या फुटपाथवर चित्रकार आपली चित्रं मांडून बसतात. एका रविवारी तिथे एका चित्रकार मित्राच्या शेजारी मीही माझी जलरंगातली चित्रं लावली होती. त्यात गिरगावातल्या एका चाळीचं चित्र होतं. तीन मजले, लाकडी कठडे, दोरीवर वाळणारे कपडे, मधल्या चौकात भिंतीला टेकवलेली सायकल. साठीच्या आसपासच्या एक बाई त्या चित्रापुढे थांबल्या. रंगांबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, किंमतही विचारली नाही. दुसऱ्या मजल्यावर बोट ठेवून त्या दारं मोजायला लागल्या. एक, दोन, तीन, चार.

"ही आमची खोली," त्या म्हणाल्या. "म्हणजे चाळ हीच नव्हे, पण अश्शीच. इथे कठड्याला आईनं डालड्याच्या डब्यात तुळस लावली होती."

बराच वेळ त्या तिथे उभ्या होत्या. मग त्यांनी हातांनी चित्राची रुंदी मापली. "तीन फूट! एवढं कुठे लावू हो मी?" असं म्हणून त्या निघून गेल्या.

चित्र त्यांचं होतं, पण त्यांना नेता येईल असं मी ते केलंच नव्हतं. शहराची चित्रं काढणाऱ्या आणि ती विकू पाहणाऱ्या प्रत्येकाच्या पुढ्यात हा पेच कधी ना कधी येतो. आपलं चित्र नक्की कोणासाठी आहे, हे कसं ओळखायचं?

विक्रीशास्त्राची पुस्तकं आधी वय विचारतात, मग उत्पन्न, शिक्षण, राहण्याचं ठिकाण. साबण विकायला ही माहिती पुरते. शहराच्या चित्राला पहिला प्रश्न वेगळा विचारावा लागतो: चित्रातल्या जागेशी या माणसाचं नातं काय? तो तिथे राहतो, की राहत होता? फक्त बघायला आलाय, की त्याच्याकडे एक मोठी मोकळी भिंत आहे? एकाच इमारतीत राहणाऱ्या, सारख्याच पगाराच्या दोन माणसांची उत्तरं पूर्ण वेगळी असू शकतात, आणि त्यांना लागणारी चित्रंही वेगळी. वय आणि पगार नंतर कामाला येतात, किंमत आणि आकार ठरवताना.

या नात्यांचे पाच प्रकार मला दिसतात. एकेक करून बघू.

पाहुणा

पाहुण्यासाठी शहर रंगवण्याचं सगळ्यांत स्वच्छ उदाहरण अठराव्या शतकातल्या व्हेनिसचं आहे. कानालेत्तो (1697–1768) हा तिथला चित्रकार. कालवे, गोंडोला, सान मार्कोचा चौक हे त्याचे विषय. पण त्याचा मुख्य ग्राहक व्हेनिसचा नव्हता. त्या काळी इंग्लंडमधल्या उमराव घराण्यांतले तरुण शिक्षणाचा शेवटचा टप्पा म्हणून युरोपभर फिरायला निघत आणि व्हेनिसला हमखास येत. परतताना त्यांना आपण पाहिलेलं शहर सोबत न्यायचं असे. व्हेनिसच्या माणसाला खिडकी उघडली की कालवा दिसतच होता. त्याचं चित्र त्यानं कशाला घ्यावं?

जोसेफ स्मिथ या व्हेनिसमध्ये स्थायिक झालेल्या इंग्रज व्यापाऱ्यानं हे हेरलं. पुढे तो तिथला ब्रिटिश कॉन्सलही झाला. तो स्वतः कानालेत्तोची चित्रं घेई आणि इंग्रज गिऱ्हाइकांच्या ऑर्डरीही मिळवून देई. 1735 मध्ये त्याच्याकडच्या चित्रांवरून अंतोनियो विसेंतिनी यानं केलेली कोरीव मुद्रणं पुस्तकरूपात निघाली. त्यात ग्रँड कॅनॉलची दृश्यं होती. इंग्लंडमध्ये घरी बसलेल्या माणसाला ते पुस्तक चाळून आपल्याला कुठलं दृश्य हवं ते सांगता येई. आजच्या भाषेत तो कॅटलॉगच होता. 1762 मध्ये स्मिथचा संग्रह राजा तिसरा जॉर्ज यानं विकत घेतला. म्हणून कानालेत्तोच्या चित्रांचा मोठा साठा आजही ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे.

या गोष्टीची दुसरी बाजूही आहे. 1740 च्या दशकात ऑस्ट्रियाच्या वारसाहक्काचं युद्ध पेटलं, प्रवास अवघड झाला आणि इंग्रज पाहुणे आटले. कानालेत्तो 1746 मध्ये स्वतःच इंग्लंडला गेला आणि थेम्स नदी, वेस्टमिन्स्टरचा पूल रंगवू लागला. एकाच प्रकारच्या ग्राहकावर विसंबलेल्या कलाकारावर ही वेळ कधीही येऊ शकते. करोनाच्या टाळेबंदीत पर्यटक थांबले, तेव्हा पर्यटनस्थळी चित्रं विकणाऱ्यांनी तेच अनुभवलं.

पाहुण्याला ओळखीची खूण लागते. मुंबईत तो गेटवे, सीएसएमटी, मरीन ड्राइव्ह शोधतो. चित्र पाहून घरच्यांनी "अरे, मुंबईला गेला होतास?" असं विचारावं, ही त्याची गरज असते. त्याची दुसरी गरज बॅगेची. काचेची फ्रेम तो विमानात नेणार नाही. त्याला सपाट पाकिटात मावणारं, कडक पुठ्ठ्याला लावलेलं चित्र हवं.

बॅगेचं हे गणित जपानी मुद्रणकारांना उत्तम जमलं होतं. एदो म्हणजे आजचं टोकियो. प्रांतोप्रांतीच्या सरदारांनी ठरावीक काळ एदोत येऊन राहायचं, असा तिथल्या शासनाचा नियम होता. त्यांच्याबरोबर त्यांचा मोठा लवाजमा येई. परत जाताना गावी काय न्यायचं? लाकडी ठशांनी छापलेली रंगीत चित्रं हलकी असत, गुंडाळून नेता येत आणि साध्या माणसाला परवडत. हिरोशिगे या चित्रकाराची एदोच्या प्रसिद्ध स्थळांची मालिका 1856 ते 1858 या काळात निघाली. शंभरावर चित्रांच्या या मालिकेत देवळं आणि पूल आहेत, तशीच दुकानांची गल्ली, पावसात छत्र्या सावरत पूल ओलांडणारी माणसंही आहेत. त्यामुळे ती पाहुण्याला आवडे आणि एदोच्या रहिवाशालाही. 1855 च्या भूकंपात शहराचं प्रचंड नुकसान झालं होतं. पडझडीतून सावरणाऱ्या रहिवाशाला ही चित्रं कशी दिसली असतील, याचा मी अनेकदा विचार करते.

राहणारा

राहणाऱ्याला गेटवेचं फारसं काही वाटत नाही. त्याला त्याचा कोपरा हवा असतो. दादरच्या फुलबाजारातली पहाट, माटुंग्याचं कॉफीचं दुकान, लोकलच्या दारात उभं राहून घेतलेला खाडीचा वारा. माझ्या पहिल्या प्रदर्शनात मी मोठमोठी स्मारकं रंगवून मांडली होती. ती भिंतीवरच राहिली. विकली गेली ती कोपऱ्यात लावलेली छोटी रेखाटनं: पुलाखालचा झेंडूचा ढीग, बसस्टॉपवरचा चांभार, टपरीवरचा चहा. घेणारे सगळे दोन-चार स्टेशनांच्या परिसरातले होते.

राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, त्याच्याकडे भिंत किती आहे. मुंबईतल्या घरात एका भिंतीला खिडकी, दुसरीला कपाट, तिसरीला टीव्ही असतो. सोफ्याच्या वरचा तुकडा तेवढा उरतो. तिथे तीन फुटांचं चित्र बसत नाही. दुसरी गोष्ट, त्याच्या आयुष्यात नुकतं काय बदललं आहे. चित्र घ्यायची वेळ बहुधा एखाद्या बदलानंतर येते: नवं घर, वास्तुशांत, लग्न, निवृत्ती, एखाद्या दुकानाची पन्नाशी.

बीडीडी चाळींकडे या नजरेनं बघा. 1920 च्या दशकात बांधलेल्या वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गावरच्या या चाळींतली खोली 160 चौरस फुटांची. पुनर्विकासात तिथल्या कुटुंबांना 500 चौरस फुटांची घरं मिळताहेत. एका कुटुंबाला पहिल्यांदाच मोकळी भिंत मिळते, आणि त्याच वेळी शंभर वर्षांची चाळ डोळ्यांपुढून जाते. शहराच्या चित्राची गरज याहून खरी कुठे असेल? पण हा माणूस आर्ट गॅलरीची पायरी चढणार नाही. त्याच्यापर्यंत गणपती मंडळाच्या मांडवातून, सोसायटीच्या सभागृहातून, जवळच्या फ्रेमवाल्याच्या दुकानातून जावं लागतं.

शहरातून एखादी गोष्ट गेली, की तिच्या चित्राचा ग्राहक एकदम वाढतो. 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून जुनी डबलडेकर बस गेली आणि प्रीमियर पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सीही गेली. रोज दिसत होती तोवर टॅक्सीच्या चित्रापुढून माणसं सहज पुढे सरकत. आता आजोबा नातवाला थांबवून सांगतात, "यात पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसायला मजा यायची." चित्रकारानं म्हणून जाऊ घातलेल्या गोष्टी वेळेवर रेखाटून ठेवाव्यात.

सोडून गेलेला

चाळीच्या चित्रापुढच्या त्या बाई या गटातल्या. हे नातं मला सगळ्यांत घट्ट वाटतं. पाहुणा शहर पाहून जातो, राहणारा त्यात असतो, पण सोडून गेलेल्याकडे ते फक्त आठवणीत उरलेलं असतं. चित्र त्या आठवणीला भिंतीवर जागा देतं. गिरगाव सोडून विरारला गेलेला, सदाशिव पेठेतला वाडा पाडल्यावर सिंहगड रस्त्यावर गेलेला, ठाण्याहून न्यू जर्सीला गेलेला, हे तिघंही माझ्या लेखी एकाच रांगेत उभे आहेत. अंतर वेगवेगळं, ओढ तीच.

या ग्राहकाला तपशील अचूक लागतो. कठड्याची नक्षी, पत्र्याच्या पागोळ्या, दुकानाच्या पाटीवरची अक्षरं चुकली, की तो लगेच ओळखतो आणि हिरमुसतो. बरोबर असली, की किमतीवर फार घासाघीस करत नाही. शिवाय तो एकटा नसतो. एकाच चाळीतली चार भावंडं चार गावांत पांगलेली असतात, त्यामुळे एका चित्राच्या चार-पाच प्रती जाऊ शकतात. त्या रविवारनंतर मी चाळीच्या चित्राचे ए-फोर आकाराचे चांगल्या कागदावर प्रिंट काढून घेतले. महिन्याभरानं त्याच बाई पुन्हा दिसल्या. त्यांनी पाच प्रिंट घेतले, त्यातला एक अमेरिकेतल्या भावासाठी. मूळ चित्र त्यांनी कधीच घेतलं नसतं. पण त्या माझ्या ग्राहक नाहीत असं मी पहिल्या दिवशी ठरवलं असतं, तर ती माझी मोठी चूक ठरली असती.

परदेशातल्या मराठी माणसांपर्यंत जायचे रस्ते तयार आहेत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 पासून चालू आहे. उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ दर दोन वर्षांनी अधिवेशन भरवतं. तिथे जायचं तर पातळ, हलकं, नळीत गुंडाळता येईल असं काम न्यावं, आणि विषय गल्ली-पेठेइतके नेमके असावेत. "मुंबई" म्हटलं की माणूस मान डोलावतो; "फणसवाडी" म्हटलं की खुर्ची ओढून बसतो.

भिंतीचा मालक

चौथ्या गटाकडे भिंत असते, आणि ती भरायची असते. ऑफिसं, हॉटेलं, दवाखाने, विमानतळ, बिल्डरचे नमुना फ्लॅट. होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी भारतीय आधुनिक चित्रकारांची कामं घेतली. त्यातून देशातला एक महत्त्वाचा संग्रह उभा राहिला. एअर इंडियानंही आपल्या कार्यालयांसाठी चित्रं घेतली. मुंबई विमानतळाच्या टर्मिनल 2 मध्ये, 2014 पासून, प्रवाशांच्या वाटेवरच ‘जय हे’ हा मोठा कलासंग्रह मांडलेला आहे.

लहान भिंतीही दुर्लक्ष करण्यासारख्या नाहीत. मारिओ मिरांडा (1926–2011) यांची कुलाब्याच्या कॅफे मोंडेगरच्या भिंतींवरची चित्रं वर्षानुवर्षं गिऱ्हाईक बघत आलं आहे. गर्दी, लगबगीतली माणसं, आणि त्यातच कुठेतरी आपल्यासारखा कोणी. त्यांची चित्रं गोव्यात मारिओ गॅलरीच्या दुकानांतून फरशी, मग, प्रिंट अशा रूपांत मिळतात. भिंतीवर पाहिलेलं चित्र माणूस कपावर घरी नेतो. भिंत जाहिरातीचंही काम करते.

या ग्राहकाशी बोलताना आठवणीची भाषा चालत नाही. निर्णय बहुधा इंटिरियरवाला किंवा आर्किटेक्ट घेतो. त्याला माप, रंगसंगती, तारीख, पक्कं बिल आणि भिंतीवर बसवून देण्याची हमी लागते. डोळ्यांच्या दवाखान्यात काळोखी गल्ली नको, हे त्याला कळतं. आपल्यालाही कळायला हवं. ॲडव्हान्स घेतल्याशिवाय ब्रश उचलू नये.

चित्राची भाषा ओळखणारा

वरच्या पहिल्या तिघांना विषय खेचतो, चौथ्याला भिंत. पाचव्याला चित्र कसं काढलंय ते खेचतं. 1940 च्या दशकात सय्यद हैदर रझा मुंबईच्या रस्त्यांची चित्रं काढत होते आणि पोटासाठी एका ब्लॉक स्टुडिओत काम करत होते. त्या काळी त्यांच्यासारख्या तरुणांचं नवं काम ओळखणारे मोजकेच होते. त्यांत नाझी राजवटीमुळे युरोप सोडून मुंबईत आलेले तिघं ठळक होते: टाइम्समधले कलासंचालक वॉल्टर लँगहॅमर, समीक्षक रूडी फॉन लायडन आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर. मुंबई त्यांच्या बालपणाची जागा नव्हती. पण आधुनिक चित्राची भाषा त्यांनी युरोपात पाहिली होती. त्यांनी या चित्रकारांची चित्रं घेतली, त्यांच्याबद्दल लिहिलं, त्यांना घरी बोलावलं. 1947 मध्ये या चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला, तेव्हा त्यामागे हा छोटा, जाणता प्रेक्षक उभा होता.

तुमची शैली नवी, अनोळखी असेल, तर सुरुवात या माणसापासून करावी. तो संख्येनं कमी असतो, पण दहा जणांना दाखवतो. त्याला प्रिंट नको, मूळ काम हवं असतं. आणि आधीचं काम, पुढचं काम, विचार, सातत्य सगळं बघायचं असतं. गल्लीचं नाव त्याला नाही सांगितलं तरी चालतं.

वही आणि तीन पायऱ्या

हे सगळं ओळखायचं कसं? मी स्टॉलवर एक वही ठेवते. प्रत्येक थांबलेल्या माणसामागे चार नोंदी: बोट कुठे ठेवलं, पहिलं वाक्य काय बोलला, चित्र कोणासाठी आणि कुठे लावणार, न घेता गेला तर का. "किती छान!" ही नोंद मी धरत नाही, ते सौजन्य असतं. "ही आमची खोली", "हे तर सीएसटी!", "अडीच फुटात मिळेल का?" आणि "तुम्ही कुठला कागद वापरता?" ही चार वाक्यं चार वेगळी माणसं बोलतात. पन्नासेक नोंदी झाल्या, की आपल्या चित्रांपाशी कुठलं नातं जास्त थांबतं ते दिसायला लागतं.

मग किंमत. एकाच चित्राच्या तीन पायऱ्या ठेवाव्यात, समजा 200 रुपयांत पोस्टकार्डांचं पाकीट, 1,500 ला सही केलेलं प्रिंट, 15,000 ला मूळ. आकडे आपापल्या कामानुसार बदलतील. प्रिंट किती काढणार ते आधी ठरवून त्यावर आकडा घालावा आणि तो शब्द पाळावा, कारण मूळ घेणाऱ्याचा विश्वास त्यावर टिकतो.

जागाही नात्याप्रमाणे निवडावी. 1999 पासून भरणाऱ्या काळा घोडा महोत्सवात पाहुणा आणि राहणारा दोघंही मिळतात. तिथे पोस्टकार्ड आणि प्रिंट हाताशी हवेत. गॅलरीत चित्राची भाषा ओळखणारा येतो. तिथे मूळ कामं मोकळ्या अंतरानं लावावीत. सोडून गेलेला शाळेच्या आणि चाळीच्या व्हॉट्सॲप गटांवर सापडतो; त्याला एका चित्राचा स्वच्छ फोटो आणि गल्लीचं नाव पुरतं.

जो विकत घेणार नाही तो

इतकं झाल्यावर एक गोष्ट सांगायची राहते, आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. शहराच्या चित्रात असलेली पुष्कळ माणसं ते चित्र विकत घेऊ शकत नाहीत. सुधीर पटवर्धन यांनी ठाण्यात राहून, रेडिओलॉजिस्ट म्हणून नोकरी-व्यवसाय सांभाळून, लोकलमधले प्रवासी, कामगार, उपनगरं, नाले, इराणी हॉटेलं रंगवली. ती चित्रं मोठ्या संग्रहांत गेली. पण चित्र बघणाऱ्यांचं वर्तुळ वाढावं म्हणून त्यांनी 2008-09 मध्ये ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन चित्रांचं फिरतं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या शहरांत नेलं. 2017 मध्ये ससून डॉकवर झालेल्या कलाप्रकल्पात कोळी समाजातल्या माणसांची भलीमोठी छायाचित्रं तिथल्याच भिंतींवर लागली होती. मासळीच्या टोपल्यांच्या वाटेवरच ती चित्रं होती. त्यांतलं काही विकायचं नव्हतं.

प्रेक्षक आणि ग्राहक ही दोन वेगळी माणसं आहेत, आणि शहराच्या चित्रकाराला दोन्ही लागतात. ग्राहकामुळे कागद आणि रंग येतात. प्रेक्षकामुळे चित्र खरं राहतं, कारण खोटा कठडा, खोटी पाटी तोच पहिल्यांदा पकडतो. म्हणून फुलबाजाराचं चित्र पुरं झालं, की मी ते आधी पुलाखाली घेऊन जाते. मागे एकदा हार ओवणाऱ्या मावशींनी बराच वेळ बघून सांगितलं, "झेंडू बरोबर आहे. पण फुलांच्या पाट्या अशा नाही ठेवत आम्ही, पाणी गळतं." घरी येऊन मी पाट्या पुन्हा रंगवल्या. ते चित्र पुढे घेतलं ते दादर सोडून पुण्याला गेलेल्या एका गृहस्थांनी. त्यांचं बोट नेमकं त्या पाट्यांवरच थांबलं होतं.